आईनं न दिलेला अंगठा

मला समजायला लागलं तेव्हापासून आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायची. आमचं वावर नव्हतं असं नाही. यावलच्या अलीकडे, आमच्या गावाला लागूनच, काळ्या मातीचं चांगलं वावर होतं. त्यात बांधीव विहीर होती आणि विहिरीच्या पाण्यावर केळी उभी होती. आई मजुरीला जायची तो गाडरस्ता त्याच वावराच्या बांधावरून जात होता. बायकांच्या घोळक्यात पदर ओढून ती तिथून जायची आणि बागेकडे मान वळवूनसुद्धा बघायची नाही. बघितलं आणि आत जेठ उभे असले तर काय, ही भीती.

जेठ म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना आबा म्हणे, मीही आबाच म्हणायचे. आमच्या लोकांत सून जेठाला तोंड दाखवत नाही आणि त्याच्याशी बोलत नाही. काही सांगायचंच असलं तर मध्ये कुणाला तरी उभं करून सांगायचं. आई त्या घरात लग्न होऊन आली त्या दिवसापासून आबांशी एक शब्द बोललेली नव्हती.

आजोबांनी जिवंत असतानाच दोन्ही भावांच्या वाटण्या करून दिल्या होत्या. विहिरीचं वावर वडिलांच्या वाट्याला आलं. मी लहान असताना वडील तापानं गेले. मला भाऊ नाही. वावर आबा कसायला लागले. एकट्या बाईनं मोट कशी हाकायची, म्हणून जेठ करतात, असं आई धरून चालली. हंगाम झाला की आबांचा गडी दादरचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, एक पोतं आमच्या दारात टाकून जायचा. आई त्याला आपला हिस्सा समजायची आणि वर्षभर पुरवायची. पुरायचं नाही. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, तिखट-मीठ, आणि तेल घरात असलं तर तेल. आईला एकच लुगडं धड होतं. ते धुतलं की वाळेपर्यंत ती दार लावून घरात बसायची. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या विहिरीचं पाणी शेजारच्या वावरांनाही जात होतं, त्या घरात ही अवस्था होती, एवढंच सांगायचं आहे.

मावशीचे यजमान धुळ्याला एका शाळेत शिपाई होते आणि शाळेच्या आवारातच त्यांची खोली होती. मावशीला मूल नव्हतं. ती मला घेऊन गेली, म्हणून मी शिकले. आबांनी तेव्हा आईला निरोप पाठवला होता, "पोरगी शिकून काय मामलेदार व्हनार हाये का? लगन लावा अन् मोकये व्हा." मी शिकले आणि पहिल्या पाचांत राहून शिकले. मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या गावातली मुलगी तर सोडाच, आमच्या घराण्यातला एकही पुरुष तिथवर गेलेला नव्हता. ही गोष्ट मी आजही मान वर करून सांगते.

पुण्याच्या कॉलेजात फी माफ होणार होती, पण राहण्या-जेवण्याचा प्रश्न होता. आईनं विचार केला, वावर यंदा बटाईनं दुसऱ्या कुणाला तरी द्यावं, अर्धं पीक आपल्याला येईल. ते विचारायला आम्ही दोघी आबांकडे गेलो. आबा ओसरीवर बसले होते. आई माजघराच्या दाराआड उभी राहिली. मी उंबरठ्यात.

"आबा, आई म्हणते, यंदा आपलं वावर बटाईनं द्यावं. माझ्या शिक्षणाला लागेल."

आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "कोनाचं वावर?"

"आमचं. विहिरीचं."

"तुमचं कुठून आलं आता? तुझ्या मायनं ते कव्हाचंच इकलं. इचार तिले. यावलच्या कचेरीत जाऊन अंगठा देला तिनं."

मी मागं वळून बघितलं. दाराआड आई दोन्ही हात हलवून मला सांगत होती, नाही, नाही. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. जेठ समोर होते ना. स्वतःचं वावर गेल्याचं ऐकत होती आणि तरी ती बोलत नव्हती.

"आई नाही म्हणते," मी म्हणाले.

"म्हने ना," आबा म्हणाले. "आता तसंच म्हनीन."

आतून माझी मोठी काकू म्हणाली, "घ्या व, चहा तरी घ्या." आम्ही चहा घेतला नाही.

यावलच्या रजिस्टर कचेरीतून मी खरेदीखताची नक्कल काढली. वावर मोठ्या काकूच्या भावाच्या नावावर झालं होतं. विकणारी म्हणून आईचं नाव. ही तीच बाई आहे, मी तिला ओळखतो, अशी आबांची सही. मी घरी येऊन आईला वाचून दाखवलं. पैसे रोख मिळाले वगैरे मजकूर ती ऐकून घेत होती. तारखेपाशी आले तेव्हा मी पंचांगातली तिथी काढून सांगितली, की तुझे वडील गेले त्याच्या पुढच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस.

"तुझे वडील," असं मी आईला म्हणाले, इतकी मी गोंधळले होते. आईनं ती चूक काढली नाही. ती म्हणाली, "आखाजीच्या दुसऱ्या दिवशी? तव्हा तर मी कोपऱ्यात होते."

कोपरा काय ते परगावच्या लोकांना सांगायला हवं. आमच्याकडे नवरा गेला की बाई घरातल्या सगळ्यात आतल्या अंधाऱ्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांमागे बसते. वर्षश्राद्ध होईपर्यंत ती दिवसाउजेडी उंबरठा ओलांडत नाही. पुरुषाच्या नजरेला पडत नाही. वर्ष भरलं की माहेरचं माणूस येऊन तिला उठवून घेऊन जातं. आईला उठवायला मावशीचे यजमान आले होते. तोपर्यंत ती त्या कोपऱ्यात होती.

आबांनी हे सगळं हिशेबात धरलं होतं. कोपऱ्यातली बाई कुणाला दिसत नाही, म्हणजे ती त्या दिवशी कुठं होती हे कोण सांगणार? दिवसही नेमका निवडलेला. आखाजीला आमच्याकडे पुरुष पत्त्यांत बसलेले असतात, माहेरवाशिणी झोक्यावर, बाकीच्या बायका नदीवर गौराई बोळवायला. पांढऱ्या लुगड्यातली, छातीपर्यंत पदर ओढलेली एक बाई गाडीत बसून यावलला गेली तर बघायला रस्त्यावर कुणी नाही.

पण आबांना एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती माहीत नसणारे पुरुष आमच्या गावात सगळेच होते. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला कोपऱ्यातल्या बाईला एकटं ठेवत नाहीत. बाहेर झोक्यावरची गाणी चालू असतात, ती ऐकून बाई स्वतःचं काही बरंवाईट करील असा धाक असतो. म्हणून आखाजीचे दोन्ही दिवस आळीतल्या बायका पाळीपाळीनं तिच्यापाशी जाऊन बसतात. आपापल्या घरच्या सांजोऱ्या नेतात. कुणी बोलत नाही. नुसत्या बसून येतात. घरातल्या पुरुषाला कुणी सांगत नाही की मी आज बसायला गेले होते, कारण तो कधी विचारत नाही.

दाव्यासाठी मी जळगावच्या एका वकीलसाहेबांना गाठलं आणि हे सांगितलं तेव्हा त्यांनी टाक खाली ठेवला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही अगदी काठावर आलात. येत्या आखाजीला बारा वर्षं भरतात. त्यानंतर दावा चालला नसता." मग म्हणाले, "पण आळीतल्या बायका कोर्टात येतील का?"

"येतील," मी म्हणाले. तेव्हा माझं वय लहान होतं आणि मॅट्रिकच्या निकालाचा गर्व होता.

दावा लागला. आईनं अंगावरची उरलीसुरली चांदी मोडली. मी मावशीच्या जिवावर पुण्याला गेले. तारखा पडत गेल्या. एक न्यायाधीश बदलून गेले, दुसरे आले. आबांनी दादरचं पोतं बंद केलं होतं, म्हणून आई आता कापसाच्या जिनिंग कारखान्यात, जिनात, सरकी निवडायला जात होती. कचेरीतला ठसा तज्ज्ञांकडे पाठवला गेला. शाई पसरलेली आहे आणि बाईच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या आहेत, निश्चित काही सांगता येत नाही, असं त्यांनी लिहून दिलं. रेषा कशानं झिजल्या ते त्यात नव्हतं. तिकडं जर्मनीशी लढाई सुरू झाली. मी बी.ए. झाले. पदवी घेऊन घरी आले तेव्हा आईनं माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पहिलं काय विचारलं असेल, तर "आता साहेब तुझं ऐकतीन ना?"

साहेब म्हणजे न्यायाधीश. मी सांगितलं, साहेब माझं ऐकणार नाहीत, साक्षीदारांचं ऐकतील. मला स्वतःला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. मी लहान होते, झोक्यावर असेन.

मग मी आळीतली दारं धरली. वकिलाचा कारकून आधी जाऊन आला होता, पण त्याला ओसरीच्या पुढं कुणी येऊ दिलं नव्हतं. मी सरळ चुलीपाशी जाऊन बसायचे. भाकरी थापता थापता प्रत्येकीनं खरं सांगितलं. कुणी काय नेलं होतं, कोण कुणाच्या आधी उठून गेली, आई कोणत्या भिंतीला टेकून होती, सगळं. आणि प्रत्येकीनं शेवटी तेच सांगितलं.

"माय, इथं सांगते. तिथं नही सांगनार."

"खोटं सांगायचंय का काकू? इथं सांगितलं तेच तिथं."

"आमच्या केळीले तुझ्या आबाच्या विहिरीचं पानी येते. माझा मालक मले घरात ठेवीन का?"

मी म्हणाले, ती विहीर आबांची नाही, आमची आहे. ती हसली. "तेच तर भांडन हाये ना तुमचं? भांडन मिटू दे, मंग तुमचं पानी पिऊ."

एक जण मला म्हणाली, "एवढी शिकली, तर एखादा मामलेदारच नवरा पाह्यजो. तो देईन तुले वावर." दुसरीनं माझ्या तोंडावर दार लावलं नाही, पण उठून म्हशीला पाणी पाजायला गेली ती परत आलीच नाही. मी बी.ए. ची बाई तिच्या चुलीपाशी जाळ सारत बसले होते. धुळ्याला जाऊन मावशीपाशी रडले तर मावशी तिकडच्या बोलीत म्हणाली, "बठ्ठा गावले माहीत शे, पन बोलाले कोन तयार शे?" तिनं समजूत काढली नाही. नसलेली गोष्ट आहे म्हणून सांगायची तिला सवय नव्हती.

शेवटी एक तयार झाली. आमच्या भिंतीला भिंत लागलेली शेजारीण, म्हातारी, मुलगा नाही, वावर नाही, विहिरीचं पाणी नको. ती म्हणाली, "माझं काय नेतीन? हे मडकं?"

त्याच म्हातारीनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. "त्या आखाजीले सगळ्या आल्या बसाले. तुझी अक्का तेवढी आली नही."

अक्का म्हणजे वडिलांची आणि आबांची मोठी बहीण, माझी आत्या. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे परत आली आणि आबांच्या घरी राबत राहिली. आबांनी सवाष्ण बाई नेली नसणार, हे मला आधी कळायला हवं होतं. कुंकू पुसून, बांगड्या उतरवून विधवेचं सोंग घ्यायला आमच्याकडची सवाष्ण मेली तरी तयार होणार नाही. नेली असेल ती विधवाच.

अक्का गावाबाहेर गोवऱ्या थापायला जायची. मी तिथं गेले. ती शेणाचे गोळे करत होती. मी समोर बसले.

"अक्का, माझे वडील गेले त्यानंतरच्या आखाजीला तू आईपाशी बसायला आली नव्हतीस म्हणतात."

"कोन म्हनते?"

"आळी म्हणते."

"आळीले आता आठोन आली. इतके दिस तोंडात मिठाची गुयनी धरेल व्हती काय?"

ती थापत राहिली. मी उठले नाही. शेण संपलं तसे हात पुसत ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले आबानं सांगलं, गाडीत बस, यावलले जायचं हाये. म्हने, धाकल्याच्या मागं सरकारात कागद करा लागते, त्याच्या पोरीच्या भल्यासाठी. पदर वढून घे म्हने, बोलू नको. साहेबानं नाव इचारलं ते आबानंच सांगलं. तुझ्या मायचं नाव सांगलं. मी ऐकलं."

"ऐकलंस तर बोलली का नाहीस?"

"अन् राहू कुठी?" ती म्हणाली. एवढंच.

वकीलसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला, आणि लगेच पडला. ते म्हणाले, "हिनं कोर्टात हे कबूल केलं तर दावा जिंकलात. पण दुसऱ्याच्या नावानं अंगठा देणं हा गुन्हा आहे. तिला तुरुंग होऊ शकतो. तिला हे सांगू नका, नाहीतर ती यायची नाही."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई जात्यावर होती. जातं न थांबवता म्हणाली, "पहिले तिले जेलाचं सांग. मंग सांग, सुटून आली तर माझ्या घरी राह्यजो."

"आई, ती येणार नाही मग."

"नको येऊ. मले न सांगता माझा अंगठा देला त्यायनं. मी तिले न सांगता तिचा नही घेनार."

मी पुन्हा गोवऱ्यांच्या जागी गेले आणि दोन्ही निरोप सांगितले. अक्कानं ऐकलं. "जेलात भाकर देतात?"

"देतात."

"आबाच्या घरीबी देतात," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.

आणि मग साक्षीदारांची यादी आली. आबांच्या बाजूनं अक्काचं नाव होतं. भावजयीला सोबत घेऊन ती यावलला गेली होती, भावजयीनं तिच्यासमोर अंगठा दिला, असं ती सांगणार होती. वकीलसाहेब म्हणाले, "आता कठीण आहे." एका बाजूला एक गरीब म्हातारी शेजारीण, दुसऱ्या बाजूला सख्खी नणंद. मी रात्रभर जागी वगैरे राहिले नाही. दमले होते, झोपले. पण सकाळी उठले तेव्हा आपण हरलो आहोत हे पक्कं मनात होतं.

कोर्टात आधी आईची साक्ष झाली. आबा समोरच्या बाकावर बसले होते. आई पिंजऱ्यात उभी राहिली आणि सवयीनं पदर पुढं ओढला. साहेब म्हणाले, तोंड दिसलं पाहिजे. आईनं पदर मागं घेतला. वकीलसाहेबांनी विचारलं, वावर विकलं का? आई गप्प. पुन्हा विचारलं. ती आबांकडे बघत होती. जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्याकडे सरळ बघत होती. मला वाटलं, ही बोलायचीच नाही, खुणा करील आणि कारकून लिहील, साक्षीदार निरुत्तर. मग ती बोलली, पण साहेबांशी नाही.

"मी नही इकलं," ती आबांना म्हणाली. "तुमाले माहीत हाये."

साहेबांनी तिला कोर्टाकडे बघून बोलायला सांगितलं. पुढची सगळी उत्तरं तिनं कोर्टाकडे बघून दिली.

शेजारच्या म्हातारीला आबांच्या वकिलानं फार छळलं. "आजीबाई, इतक्या वर्षांपूर्वीचा दिवस आठवतो? मागच्या आठवड्यात काय जेवलात ते सांगा."

"भाकर. अन् तुमी?"

कोर्टात हशा झाला. वकील चिडला. "आखाजी दर साल येते. हीच आखाजी कशावरून?"

"आखाजी दर साल येते," म्हातारी म्हणाली, "पन तिचा नवरा दर साल मरते का?"

साहेबांनी ते लिहून घेतलं, पण एकट्या म्हातारीवर ते वावर देणार नाहीत हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अक्काला आबांनी स्वतःच्या माणसांबरोबर आणलं होतं. नवं लुगडं नेसवलं होतं. ती आमच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या वकिलानं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही यावलला गेला होतात?"

"गेलती."

"सोबत कोण होतं?"

"आबा व्हते. गाडीवाला व्हता."

"आणि तुमची भावजय."

"भावजय कशी येईन?" अक्का म्हणाली. "ती कोपऱ्यात व्हती. कोपऱ्यातली बाई उंबरा कशी वलांडीन?"

वकील घाईघाईनं म्हणाला, साक्षीदार घाबरली आहे, बसू द्या. साहेबांनी त्याला थांबवलं आणि स्वतः विचारलं, "मग कचेरीत अंगठा कुणी दिला?"

अक्कानं हात पुढं केला. शेणानं आणि राखेनं काळा पडलेला तिचा अंगठा तिनं साहेबांना दाखवला. "ह्यानं."

आबा उठून उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी अक्काकडे बघत होते. साहेबांनी तिला समजावून सांगितलं, की तुझ्या या बोलण्यानं तुझ्यावर खटला होऊ शकतो, तू बोलायला बांधलेली नाहीस. ती म्हणाली, "पोरीनं सांगलं मले."

आबांची माणसं तिला कोर्टातच सोडून निघून गेली. आम्ही तिला आमच्याबरोबर मोटारीतून आणलं. तिच्याजवळ अंगावरच्या नव्या लुगड्याशिवाय काही नव्हतं. आईनं तिला जागा करून दिली, ताट वाढलं, पांघरूण दिलं. पण तिच्याशी बोलली नाही. मी एकदा म्हणाले, आई, तिच्यामुळे वावर मिळतंय. आई म्हणाली, "तिच्यामुयेच गेलं." त्या दोघी एका छपराखाली राहिल्या आणि आईला अक्काला काही सांगायचं असलं तर ती मला सांगायची, मी नसले तर भिंतीला. गावात अक्काशी बोलणारं दुसरंही कुणी उरलं नाही. भावाला बुडवलं म्हणून बायका पाणवठ्यावर तिच्यापासून घागर लांब ठेवायच्या. फौजदार एकदा येऊन जबानी लिहून घेऊन गेला. खटला झाला नाही, पण होईल या भीतीत ती दारात कुणी परका दिसला की आत जाऊन बसायची. कोपऱ्यातच बसायची.

निकाल आमच्या बाजूनं लागला. खरेदीखत खोटं ठरलं. आबांनी अपील केलं. अपिलात वावर त्यांच्याच ताब्यात राहिलं. मी धुळ्याला शाळेत मास्तरीण झाले. आमच्या घराण्यातला पहिला पगार मी आईच्या हातात ठेवला. तिनं जिनातलं काम सोडलं नाही. वावर हातात येईपर्यंत मजूरच आहे मी, म्हणायची. अपील चालू असताना एका उन्हाळ्यात तिला जिनातच चक्कर आली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या जागी वारस म्हणून माझं नाव लागलं. अक्का तिच्या उशाशी बसून होती. शेवटपर्यंत आई तिच्याशी बोलली नाही, आणि मला वाटतं अक्कालाही तसं वाटत नव्हतं की तिनं बोलावं.

आबांचं अपील फेटाळलं गेलं. पुढं कुठं जाण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती, पण वावराचा ताबा द्यायच्या आधी जे करायचं ते त्यांनी केलं. केळीची खोडं मुळासकट उपटून नेली. मोट, चाक, नाडा, सगळं काढून नेलं. विहिरीत दगड आणि काटेरी झुडपं टाकली. बांधावरची आंब्याची झाडं तोडून विकली. बेलीफ ताबा द्यायला आला तेव्हा वावरात तो, मी, दवंडीवाला आणि अक्का, एवढीच माणसं होती. ज्या बायकांच्या चुलीपाशी मी बसले होते, त्या बांधापलीकडच्या रस्त्यानं मजुरीला चालल्या होत्या. त्यांच्यापैकी एक थांबून म्हणाली, "झालं का व तुझ्या मनासारखं?" मी म्हणाले, "झालं." मग ती म्हणाली, "विहीर कव्हा उपसशीन? आमच्या केळी वायल्या." बेलीफानं विचारलं, सही करता का अंगठा? मी सही केली. माझं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं बी.ए. लिहिलं. तो म्हणाला, त्याची गरज नाही. मी म्हणाले, असू द्या.

विहीर उपसायला पुढं दोन उन्हाळे लागले आणि तिच्या पाण्याची चव पहिल्यासारखी राहिली नाही असं जुने लोक म्हणतात. केळी मी पुन्हा लावली नाही. देश स्वतंत्र झाला त्या सालच्या पावसाळ्यात तिथं कोरडवाहू कापूस पेरला. आबांनी पुढं कधी तोंड दाखवलं नाही. मीही त्यांना दाखवलं नाही. अक्का माझ्याकडे धुळ्याला राहते.

आईचं वावर परत मिळालं. तलाठ्याच्या दप्तरात त्यावर माझं नाव आहे, शेतसारा मी भरते, आणि आमच्या गावात स्वतःच्या नावानं शेतसारा भरणारी दुसरी बाई अजून नाही.